हुलग्याची उसळ आणि दाजींचा बैल

हुलगे, म्हणजे कुळीथ, हे कडधान्य आहे, मिलेट नव्हे. हे मला आता पक्कं ठाऊक आहे, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांनी ते मला जिन्यात, पार्किंगमध्ये आणि एकदा तर नळाला पाणी आलेलं असताना हातात बादली धरून सांगितलं आहे. पण मी बोललो ते बोलून गेलो होतो. एकदा 'मिलेट' म्हटल्यावर माघार घ्यायची म्हणजे बाकीचंही कबूल करावं लागलं असतं.

बाकीचं म्हणजे असं. मी ज्या संस्थेत कारकून आहे तिनं दिवाळीनंतर आमचा पगार निम्मा केला. 'तात्पुरता', असं नोटिशीवर लिहिलं होतं. आमच्या संस्थेतलं तात्पुरतं कपाट मी नोकरीला लागलो तेव्हापासून दारात उभं आहे, त्यामुळं या शब्दाचा मला दिलासा वाटला नाही. त्याच आठवड्यात आमची राजेश्वरी सकाळी पळायला गेली आणि शेवटच्या टप्प्यात डोळ्यांपुढं अंधारी येऊन खाली बसली. पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. निम्म्याच्या पुढंपर्यंत ती सगळ्यांच्या पुढं असायची आणि मग तिचे पाय तिचंच ऐकेनासे व्हायचे. गेल्या वर्षी तिची भरती अशीच थोडक्यात हुकली होती.

डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतील, पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, खाणं सुधारा. नाही सुधारलं तर भरतीच्या दिवशी तिला घरी बसवा, उगाच जिवाशी खेळ नको. घरी येताना राजेश्वरी म्हणाली, "बाबा, यंदा नाही झालं तर मी कपड्याच्या दुकानात लागते. बोलून ठेवलंय." हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिला खाकी घातलेली बघायची, हे माझं एकच मागणं होतं आणि मी ते कुणाजवळ बोललो नव्हतो.

रक्ताच्या रिपोर्टची वेगळीच गंमत. माझ्या नावात साहेब आहे. लालासाहेब. हुद्द्यात तो कधीच नव्हता. रिपोर्टवर पोरीच्या नावाच्या जागी बापाचं नाव पडलं होतं: लालासाहेब, स्त्री, वय एकोणीस. मी खिडकीवर गेलो.

"दुरुस्तीसाठी अर्ज करा. सोबत पेशंटचं ओळखपत्र," आतल्या बाई म्हणाल्या.

"पेशंट कोण?"

"लालासाहेब."

"लालासाहेब मीच."

त्यांनी रिपोर्टकडं बघितलं, मग माझ्या टकलाकडं बघितलं. "मग वय चुकलंय," असं म्हणून त्यांनी पेन उचललं. मी रिपोर्ट काढून घेतला आणि स्त्री म्हणूनच घरी आलो.

खाणं सुधारायची जबाबदारी मी अंगावर घेतली. मोबाईलवर शोधलं तर रक्तवाढीसाठी ब्लूबेरी, सालमन मासा आणि अ‍ॅव्होकाडो असं निघालं. सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या कोपऱ्यावर अतिशय नावाच्या तरुणाचं किराणा दुकान आहे. नाव अतिशय असलं तरी माणूस बोलायला अगदी माफक. त्याला मी ब्लूबेरी आहे का म्हणून विचारलं. त्यानं सगळ्या बरण्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "काका, जांभळं जूनमध्ये येतील." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

शेवटी वैजयंता, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "हुलगे आणा. आणि बाजरी. शेंगदाणे, गूळ घरात आहे. आटपाडीला आम्ही दुसरं काय खात होतो?"

"हुलगे बैलाला घालतात," मी म्हणालो.

"मग? बैल पळत नाही?"

तिच्या हातात उलथनं होतं, म्हणून मी पिशवी उचलली. हुलगे तेव्हा दुकानात सगळ्यात स्वस्त होते. एका कोपऱ्यात, पक्ष्यांच्या दाण्याशेजारी ठेवलेले. मी ते घेऊन आलो आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पौष्टिक राज्य सुरू झालं. सकाळी मोड आलेल्या हुलग्याची उसळ, बाजरीची भाकरी, वर लिंबू. संध्याकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं. मधल्या वेळेला शेंगदाणे आणि गुळाचा खडा.

आता मोडांचं. हुलगा हा स्वभावानं आडमुठा दाणा आहे. मटकी एका रात्रीत मोड सोडते, हुलगा विचार करत बसतो, त्यात थंडीचे दिवस. मी फडक्याची पुरचुंडी वैजयंताच्या शालीत गुंडाळली आणि इन्व्हर्टरवर ठेवली. नंतर दोन दिवस आम्ही सगळेच तिला विसरलो. शाल उघडली तेव्हा मोडांना पांढरी दाढी आली होती आणि शालीला असा वास येत होता की ती धुऊन, वाळवून, पुन्हा धुऊनसुद्धा वैजयंतानं ती मलाच दिली. ती मी आजही ऑफिसात पांघरतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी खिडकीजवळची जागा मागून घेतली आहे.

दुसरी गोष्ट खड्यांची. हुलग्यात खडा असतो आणि तो नेमका हुलग्याच्याच रंगाचा असतो. आमच्या समोर शांतिनाथअण्णा राहतात, निवृत्त शिक्षक, प्रत्येक गोष्टीत सल्ला देणारे. ते एकदा आले असताना मी त्यांना पोरीचा विषय न काढता उसळीतल्या लोहाचं महत्त्व पटवून देत होतो आणि महत्त्वाच्या मध्यावर कचकन आवाज झाला. माझ्या दाढेचा कोपरा गेला. अण्णा म्हणाले, "लोखंड मिळालं म्हणायचं." त्यांनीच मग सांगितलं की जेवणावर चहा पिऊ नका, लोह अंगी लागत नाही, आणि भाजी लोखंडी कढईत करा. कढई आम्ही माळ्यावरून काढली. ती गेली कित्येक वर्षं घर रंगवताना चुना कालवायला वापरली होती. ती घासताना माझी कंबर धरली. चहा सुटला तो वेगळाच.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. घोटाळा वासानं केला. हुलगे शिजताना जो वास सुटतो तो ज्यानं गोठा बघितलाय त्याला लगेच कळतो. वरच्या मजल्यावरच्या मनुबाई तासगावच्या. त्या जिन्यातून खाली येऊन दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमच्यात काय शिजतंय? बैलाचं वाटतंय."

आता मी काय सांगणार होतो? पगार निम्मा झाला म्हणून? पोरीच्या अंगात रक्त नाही म्हणून? हे दुसरं तर मुळीच नाही. आमच्याकडं एखाद्या पोरीचं रक्त कमी आहे असं जिन्यात कळलं की ते कुठल्या स्थळापर्यंत जाऊन पोचेल याचा नेम नसतो. मी ताठ झालो आणि म्हणालो, "मिलेट आहे, मनुबाई. मोठे लोक हल्ली हेच खातात. आम्ही सगळं घरच त्याच्यावर आणलंय." आणि बोलण्याला वजन यावं म्हणून एका डब्यात उसळ भरून त्यांच्या हातात दिली. ती उसळ राजेश्वरीच्या संध्याकाळच्या वाटणीची होती.

आमच्या भागात शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही, त्या क्षणी आठवलं नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. आत शिरा होता. तुपानं थबथबलेला, वर काजू. आमचा डबा लहान म्हणून मनुबाईंनी त्यांच्या मोठ्या डब्यात दिला होता, आमचा त्यावर ठेवून. म्हणजे त्यांचा मोठा डबा आता आमच्या घरात आला, आणि तो रिकामा कसा जाणार? त्यात उसळ गेली. मोठा डबा म्हणून जास्त गेली. मग त्यात शंकरपाळी आली. अण्णांच्या घरी हे कळलं तेव्हा त्यांनाही 'मिलेट' द्यावं लागलं, आणि अण्णा जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून त्यांचा डबा दिवस मावळायच्या आत पोचवायची धावपळ माझ्याकडं आली. ऑफिसातून सुटून मी सायकल जी हाणायचो ती बघून लोकांना वाटलं असेल की भरती माझीच आहे. अण्णांच्या घरून बेसनाचे लाडू आले.

म्हणजे बघा. आमच्या घरात रक्तवाढीसाठी आणलेलं सगळं जिन्यातून बाहेर जात होतं आणि तूप, साखर, मैदा आत येत होता. माझं वजन वाढलं. राजेश्वरी शिऱ्याला हात लावत नव्हती, तिला पळायचं होतं. वैजयंता एक दिवस माझ्यासमोर हुलग्याची रिकामी बरणी उपडी करून म्हणाली, "तुमची इज्जत जेवते आहे. पोरगी नाही." मी लाडू खात होतो.

अतिशयकडं गेलो तर हुलगे कोपऱ्यातून उठून थेट काउंटरवर आले होते. चकचकीत पाकिटात, वर हिरवं लेबल: 'डाएट हुलगे'. भाव विचारला आणि मी काउंटरला धरून उभा राहिलो.

"काका, तुमच्यामुळंच खप वाढला," अतिशय म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी इतकं बोलला. "आख्खी बिल्डिंग मागायला लागली. मोकळे संपले, आता कंपनीचेच येतात." आणि आभार म्हणून त्यानं मला एक कॅलेंडर भेट दिलं. मी माझ्याच तोंडानं माझा हुलगा महाग करून घेतला होता. मी कॅलेंडर घेऊन घरी आलो.

उरला एकच मार्ग. माझा मेहुणा. त्याचं नाव गुंडा. हे त्याचं नाव आहे, वर्णन नाही. आटपाडीजवळ त्याची कोरडवाहू जमीन आहे, त्यात हुलगा पिकतो. पण त्याला खरं कारण सांगायचं म्हणजे ते सासूबाईंच्या कानी जाणार, आणि मग सासूबाई पहिल्या एस.टी.नं येऊन माझा उद्धार करणार. तेव्हा मी ठरवलं की राजेश्वरीचं नाव न घेता बोलायचं. 'ती' म्हटलं तर लगेच कळेल. म्हणून मी व्याकरणातलं नपुंसकलिंग वापरलं. शाळेत शिकलेली एक तरी गोष्ट उपयोगी पडली असं तेव्हा वाटलं होतं.

"गुंडा, हुलगे हायत का रं घरात?"

"हायत की दाजी. पर तुमाला कशाला?"

"घरी एक हाय. त्याला घालायचेत. पळतं चांगलं, पण शेवटच्या टप्प्यात दम तोडतं."

गुंडाचा आवाज एकदम आदरानं भरून आला. "काय सांगताय दाजी. आदत हाय का?"

"आदत लय चांगली हाय. पहाटे आपणहून उठतं."

"व्हय व्हय. रंग?"

"सावळाच. माझ्यावर गेलंय."

"तुमच्यावर?"

"मग कुणावर जाणार?"

गुंडा खो खो हसला. का ते मला कळलं नाही. "मैदान कुठलं धरलंय?"

"साताऱ्याचं," मी म्हणालो. राजेश्वरीनं सातारा जिल्ह्यात अर्ज भरला होता आणि तारीख जवळ आली होती. मुलं त्या चाचणीला मैदानच म्हणतात.

"दाजी, तुमी छुपे निघाला. ताईला तर कळू दिलं न्हाई वाटतं. म्या येतो रविवारी. हुलगे घेऊन येतो, तुमी काळजी करू नगा."

मी फोन ठेवला आणि स्वतःवर खूश झालो.

आता तुम्हाला ठाऊक असेल, मला नव्हतं: सांगली-साताऱ्याकडं बैलगाड्यांच्या शर्यतीलाही मैदानच म्हणतात, आणि ज्या बैलाचे दुधाचे दात अजून पडले नाहीत त्याला आदत म्हणतात. त्या बैलांना ताकदीसाठी भिजवलेले हुलगे घालतात. माझ्या सासरवाडीत हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. मी तिथं गेलो की जावई म्हणून पलंगावर बसून राहायचो, गोठ्यात कधी गेलोच नाही, त्याचं हे फळ.

रविवारी सकाळी गुंडाची पिकअप गाडी आमच्या पार्किंगमध्ये शिरली. मागं हुलग्याची दोन पोती, कडब्याच्या पेंढ्यांचा ढीग, एक रंगीत झूल आणि गावचे दोन पाहुणे. पाहुण्यांच्या हातात गुलालाची पिशवी. मी पोती बघून सुखावलो, कडबा बघून बुचकळ्यात पडलो. बिल्डिंगमधले लोक दात घासत गॅलरीत आले. अण्णा खाली आले. मनुबाईंनी जिन्यातच बैठक मारली.

गुंडानं माझे पाय धरले. "दाजी, कुठाय?"

"कोण?"

"आवं लाजताय काय. ज्याच्यासाठी आलो त्ये."

"वर झोपलंय," मी खालच्या आवाजात म्हणालो.

गुंडानं वर बघितलं. पाहुण्यांनी वर बघितलं. "वर? दुसऱ्या मजल्यावर?"

"मग कुठं झोपणार?"

"जिना चढतंय?"

"रोज. धावत चढतं."

पाहुण्यांपैकी एकानं टोपी काढली. दुसरा म्हणाला, "ह्ये बघितलंच पायजे." गुंडा गंभीर झाला. "दाजी, येक इचारू? घाण कोण काढतंय?"

एवढ्यात राजेश्वरी डोळे चोळत खाली आली आणि "मामा" म्हणून गुंडाला बिलगली. गुंडानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "राजू, बैल बघायला आलोय तुमचा."

"कुठला बैल?"

गुंडानं माझ्याकडं बघितलं. मग तो बोटं मोडत स्वतःशीच बोलायला लागला. "पहाटे उठतंय. सावळं हाय. दाजींवर गेलंय. पळतंय चांगलं पर शेवटी दम तोडतंय. साताऱ्याचं मैदान." प्रत्येक बोटागणिक तो भाचीकडं बघत होता. पाचव्या बोटाला तो कडब्याच्या पेंढीवर बसला आणि पोट धरून हसायला लागला. पाहुणे हसले. राजेश्वरीला सगळं कळायला थोडा वेळ लागला, मग तीही पिकअपला टेकून हसली. मी एकटा तिथं शाल पांघरून उभा होतो.

इथं गोष्ट संपली असती तर माझी थोडीफार इज्जत शिल्लक राहिली असती. पण गुंडा डोळे पुसत मोठ्यानं म्हणाला, "तरी म्या म्हणलं, ताई तर सांगत हुती की दाजींचा पगार निम्मा झालाय, घरात ओढाताण चाललीया, मग दाजींनी बैल घेतला कशानं?"

गॅलरीतल्या एकाचा ब्रश तोंडातच राहिला. मला असं झालं की आपण त्या झुलीखाली जाऊन बसावं. इतक्या दिवसांचं मिलेट, डाएट, मोठे लोक, सगळं एका वाक्यात कडब्यावर येऊन पडलं होतं.

पहिल्यांदा मनुबाई बोलल्या. "म्हंजे ते डाएट न्हवतं व्हय?"

"डाएटच होतं," मी म्हणालो. "पोरीचं रक्त कमी आहे. परवडत होतं ते हेच."

"आनि म्या खुळ्यावानी शिरा करतीया," मनुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "म्हणलं मिलेट खाणाऱ्या मानसाला साधं काय द्यायचं? भाऊ, महिन्याचं तूप तुमच्या डब्यात गेलं माझं. आमी घरात कोरडी भाकरी खातोय."

अण्णांनी घसा साफ केला. शिक्षकी आवाज जरा खाली आला होता. "आमच्याही मुलाची पुण्यातली नोकरी गेली आहे, लालासाहेब. तुमचा डबा आला की परत काय घालायचं म्हणून आमच्या मंडळी रडकुंडीला येतात. लाडवाचं बेसन शेवटी उसनं आणलं."

मी वैजयंताकडं बघितलं. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मग मनुबाईंना हसू आलं, अण्णांना आलं. शेवटी मीही कडब्यावर गुंडाशेजारी बसून हसलो. खरं सांगतो, इतकं हलकं मला पगार पूर्ण असतानाही वाटलं नव्हतं.

हुलग्याचं एक पोतं तिथंच पार्किंगमध्ये फुटलं आणि सगळ्या घरांत वाटलं गेलं. गुंडा काही घ्यायला तयार होईना, उलट रागावला. कडबा शेजारच्या गल्लीतल्या एका गवळ्यानं नेला आणि पुढं बरेच दिवस तो मला रस्त्यात 'बैलवाले' म्हणून रामराम घालायचा. डबे मात्र थांबले नाहीत. ते थांबणं कुणालाच मान्य नव्हतं. फक्त आता डब्यात घरात जे असेल ते घालायचं असं ठरलं. मनुबाईंच्या भावाची द्राक्षबाग आहे, तिथला निवडणीतून निघालेला बारीक बेदाणा त्या मूठमूठ घालायच्या. अण्णांनी गच्चीवर फुटक्या बादल्यांत मेथी आणि राजगिरा लावला होता, त्याची जुडी यायची, तीही दिवस मावळायच्या आत. हुलगे निवडायला मनुबाई आमच्या दारात सूप घेऊन बसायच्या, त्यामुळं माझ्या उरलेल्या दाढा वाचल्या. काही दिवसांनी अतिशयनंही मोकळे हुलगे परत ठेवायला सुरुवात केली. पाकिटं कुणी घेईना.

राजेश्वरी तिन्ही घरांचं खात होती. अण्णा तिला जिन्यात गाठून विचारायचे, आज चहा प्यालीस का. मनुबाई तिच्या ट्रॅकपँटच्या खिशात बेदाणे कोंबायच्या. गुंडा रविवारी फोन करून 'खोंड कसं हाय' म्हणून चौकशी करायचा आणि सांगायचा, सुरुवातीलाच जीव तोडून पळू नगं, मागं राहा, शेवटाला सोड. ती म्हणायची, "मामा, मला बैल समजू नका." पण पळताना ती तसंच करायला लागली होती, हे मी मैदानाच्या कडेला उभा राहून बघितलं.

भरतीच्या आधी पुन्हा रक्त तपासलं. या वेळी मी नाव स्वच्छ अक्षरांत लिहून दिलं. रिपोर्ट आला: राजेश्वरी, पुरुष. पण आकडा वर गेला होता. डॉक्टरांनी चष्मा काढून पुन्हा बघितला आणि म्हणाले, "पळू दे." दुरुस्तीच्या खिडकीकडं मी ढुंकूनही बघितलं नाही.

साताऱ्याला आम्ही आदल्या दिवशी जाऊन वैजयंताच्या मावसबहिणीकडं राहिलो. सकाळी उजाडता उजाडता मैदानाच्या फाटकाशी पोचलो. आत फक्त पोरींना सोडत होते. बाहेर आई-बापांची रांग लागली होती. कुणी जप करत होतं, कुणी नुसतंच फाटकाकडं बघत होतं. माझ्याशेजारी म्हसवडचे एक गृहस्थ उभे होते, त्यांचीही मुलगी आत होती. त्यांनी विचारलं, "तुमच्या पोरीला खायला काय घातलं?" मी म्हणालो, "हुलगे." ते म्हणाले, "मग काय, आमीबी त्येच." आम्हाला दोघांनाही तेवढ्यानं बरं वाटलं.

आत शिट्ट्या वाजत होत्या. कुठली शिट्टी आपल्या पोरीची हे बाहेरून कळत नाही. मी वर्तमानपत्र उघडून धरलं होतं आणि ते उलटं आहे हे त्या गृहस्थांनी मला सांगितलं. प्रत्येक शिट्टीनंतर मी मनातल्या मनात ती कुठवर आली असेल ते धरत होतो आणि शेवटच्या टप्प्याशी आलो की मला पुढचं धरवत नव्हतं. ती खाली बसली तर तिथं तिला उचलायला मी नाही, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. मला भीती वाटत होती. पगार निम्मा झाला तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

मग पोरी बाहेर यायला लागल्या. कुणी हसत, कुणी ओढणीनं डोळे पुसत. म्हसवडच्या गृहस्थांची मुलगी आली, ते तिला घेऊन बाजूला गेले. राजेश्वरी कितीतरी वेळानं दिसली. बूट हातात होते, गुडघ्यांना माती लागली होती आणि डोळे लाल झाले होते. माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

"काय झालं, बाळ?"

तिला बोलायला दम पुरत नव्हता. तिनं माझा दंड धरला. "बाबा, शेवटच्या वळणावर मला कुणी दिसेचना."

मी तिला दोन्ही हातांनी सावरलं. "असू दे," मी म्हणालो. "असू दे, पोरी. पुन्हा अंधारी आली का?"

"नाही हो," राजेश्वरी म्हणाली. "पुढं कुणी नव्हतंच."